१२१ स्ट्रोकांच्या राऊंडमधला एक होल : ३, ४ की ५? (निकाल लावून द्या)

सात_नंबर (धागाकर्ता), शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आधीच कबूल करतो, मी गोल्फ वाईट खेळतो. पंचेचाळिशीत गुडघ्यांनी बॅडमिंटन बंद पाडलं, तेव्हा ओळखीचे एक काका म्हणाले, 'चल, निदान चालणं होईल.' त्याला सात वर्षं झाली. हँडिकॅप २८. कोर्सचं नाव सांगत नाही. पुण्याच्या आसपासचा आहे, आणि काका सोडून तिथे कुणाला मी इथे लिहितो हे माहीत नाही, ते तसंच राहू दे.

आजचा दिवस पहिल्या टीपासूनच (होल जिथून सुरू होतो तिथूनच) गेला. पहिला बॉल उजवीकडे भिंतीपलीकडे, दुसरा त्याच्या मागोमाग. पावसाने रफ, म्हणजे कडेचं गवत, अशी माजलीये की बॉल पडलेला डोळ्यांनी दिसतो, आपण चालत जातो आणि तिथे बॉल नसतो, टिटवी असते. ती ओरडते. तीन मिनिटं शोधायची मुभा, तीन मिनिटं ती आपल्या डोक्यावर घिरट्या घालते. पाचव्या होलवर ९, सातव्यावर १०. तेराव्यापर्यंत सहा बॉल गेले आणि पिशवीत हात घातला तर आत फक्त बॉल ठेवायच्या खुंट्या, एक जुना ग्लोव्ह आणि पार्ले-जीचा पुडा.

आमची पिशवी उचलणारे कॅडी मामा साठीचे आहेत. तेरा होल एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी खिशातून एक बॉल काढला, पिवळट, कुठल्यातरी बँकेचा लोगो अर्धा पुसलेला. पँटला पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'सायेब, ह्यो शेवटचा. आता ड्रायव्हर मागू नका.' आणि ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायच्या क्लबवर, कव्हर चढवून टाकलं. मी मागितला असता तरी दिला नसता.

चौदावा होल पार ४, लांबी ३१०च यार्ड. पण दीडशे यार्डांवर आडवा नाला आणि उजवीकडे आऊट ऑफ बाऊंड्स, म्हणून स्ट्रोक इंडेक्स ४, म्हणजे अवघडपणात चौथा. मामांनी सात नंबर दिली, मधल्या पल्ल्याची क्लब. मारली, नाल्याच्या अलीकडे वीस पावलांवर थांबली. परत सात नंबर. ही नीट लागली नाही, बॉलच्या डोक्यावर बसली, पण नाला ओलांडून सरपटत ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) चाळीस यार्ड अलीकडे. मामा म्हणाले, 'पिचिंग नको, ह्योच दांडा. झाडू मारल्यावानी मारा.' तिसरा शॉटही सातनेच. बॉल फूटभर उडाला, मग घरंगळत, वळण घेत थेट होलमधल्या झेंड्याच्या काठीच्या दिशेने गेला आणि 'टक्' असा आवाज झाला.

बॉल काठीला अडकला होता. काका ग्रीनवरच उभे होते. 'अरे गेला की!' म्हणत ते धावले आणि काठी खस्सकन् वर ओढली. काठीबरोबर बॉलही वर आला, काठावर टप्पा खाल्ला आणि दोन फूट घरंगळत गेला. मी पोचेपर्यंत तो तिथे शहाण्यासारखा बसला होता. काका म्हणाले, 'आत नव्हता, टेकलेला होता, मार आता.' मी मारला. चुकला. पुढचा आत.

आम्ही स्टेबलफर्ड खेळतो, म्हणजे प्रत्येक होलचे पॉइंट, स्ट्रोक कमी तितके पॉइंट जास्त. या होलवर हँडिकॅपमुळे मला दोन स्ट्रोकांची सूट मिळते. म्हणजे ३ धरले तर पाच पॉइंट, ४ धरले तर चार, ५ धरले तर तीन. बाकीच्या सतरा होलांचे माझे पॉइंट १४. काकांचे एकूण १८. हरणाऱ्याने बिअर आणि अंडाभुर्जीचं बिल द्यायचं. आता हिशोब तुम्हीच करा : ३ असतील तर काका देणार, ४ असतील तर निम्मं निम्मं, ५ असतील तर मी. मामांचं म्हणणं, 'आत व्हता. वरून निस्ती टोपी दिसत व्हती.' काकांचं म्हणणं, टेकलेला होता. आज कुणीच बिल दिलं नाही, वेटरला 'पुढच्या शनिवारी' म्हणून सांगितलंय.

चहाबाज, रात्री ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चौदाव्यावर १२१ स्ट्रोक?

सात_नंबर, रात्री ११:५५

@चहाबाज, अख्ख्या अठरा होलांचे मिळून. तेही इथे ३ धरले तर. ५ धरले तर १२३.

अनारसा, रविवार, सकाळी ७:१०

गोल्फमधलं ओ का ठो कळत नाही. आयुष्यात एकदाच पाहिलाय, ७ ऑगस्ट २०२१ ला, ऑलिंपिकमधल्या अदिती अशोकसाठी. पहाटे उठून तीन तास एका बाईला गवतावर चालताना पाहिलं आणि एका स्ट्रोकने ब्राँझ हुकलं तेव्हा सासूबाईंसकट सगळे हळहळलो. सासूबाईंना तर तोवर वाटत होतं की ती हॉकी आहे. पार, बर्डी म्हणजे काय ते सांगाल का कुणी सोप्या भाषेत?

सात_नंबर, सकाळी ७:४५

@अनारसा, लहानपणी गोट्या खेळला असाल. गल चारशे पावलांवर आहे, मधे नाला आहे, झाडं आहेत. चांगल्या खेळाडूला गोटी गलीत घालायला किती ठोके लागावेत ते आधीच ठरवलंय, तो पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. माझे सहसा तीन जास्त लागतात, त्याला नाव आहे पण ते सतत घ्यावं लागतं म्हणून मी विसरायचा प्रयत्न करतो. हँडिकॅप म्हणजे कच्च्या लिंबूला दिलेली सूट.

गवत्या, सकाळी ८:२०

गोट्यांचं उदाहरण दिलंच आहे तर सांगतो. आमच्या गल्लीत गोटी गलीच्या काठावर अडकली की जो हात लावेल त्याचा डाव गेला. काकांनी हात लावला, काका गेले. विषय संपला. रडीचा डाव खडी.

पाणीदार, सकाळी ८:४१

धाग्याशी संबंध नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. मार्च आला की आमच्या सोसायटीत टँकर येतो आणि तुम्ही गवताला पाणी घालता. त्यावरही लिहा कधीतरी.

सात_नंबर, सकाळी ९:०५

@पाणीदार, मुद्दा रास्त आहे. आमच्याकडे सांडपाणी प्रक्रिया करून वापरतात आणि उन्हाळ्यात फेअरवे पिवळेच असतात, पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही हे मला कळतं. वेगळा धागा काढा, मी येतो शिव्या खायला.

निवृत्त_फौजी, सकाळी ९:३०

आमच्या छावणीच्या कोर्सवर ग्रीन नव्हतेच, ब्राऊन होते. वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेलं. पट (होलजवळचा हलका ठोका) करण्याआधी लांब दांड्याची फळी ओढून बॉलपासून होलपर्यंत रस्ता सपाट करायचा. त्या वाळूवर बॉलचा माग उमटायचा, त्यामुळे असले वादच होत नसत. कुठून आला, कुठे थांबला, सगळं लिहिलेलं. आणि आमच्याकडे पुढे उभ्या असलेल्या पोराला, आगेवाल्याला, शेवटचा शब्द असे. बॉल कुठे पडला हे त्याने सांगितलं की कर्नलसाहेबसुद्धा मान्य करायचे. तुमच्या मामांनी 'टोपी दिसत होती' म्हटलं ना? मग संपलं. माझं मत ३.

बंकरवासी, सकाळी १०:१५

थांबा, थांबा. इथे सगळे भावनेने बोलतायत. मी क्लबच्या स्पर्धांना नियमांचं काम बघतो, म्हणून सांगतो.

२०१९ च्या आधी नियम असा होता की बॉल काठीला टेकून राहिला तर काठी हलवायची किंवा काढायची. बॉल आत पडला तर होल झाला. नाही पडला तर काठावर ठेवायचा. काकांचा हात सवयीने गेला तो याच नियमामुळे, त्यांना दोष देऊ नका. जुन्या खेळाडूंच्या हाताला अजून तीच सवय आहे.

२०१९ मध्ये नियम बदलला. आता बॉल काठीला टेकलेला असेल आणि त्याचा कुठलाही भाग ग्रीनच्या पृष्ठभागाखाली होलमध्ये असेल, तर बॉल आत गेला असंच धरायचं. काठीला हात लावायचीही गरज नाही. काहीच भाग खाली नसेल तर बॉल आत नाही. मग काठी काढल्यावर तो आत पडला काय आणि बाहेर पडला काय, उचलून होलच्या काठावर ठेवायचा आणि तिथून मारायचा.

आता मजा बघा. मामा बरोबर असतील तर स्कोअर ३. नंतर मारलेले दोन पट मोजायचेच नाहीत, संपलेल्या होलच्या ग्रीनवर पटिंगचा सराव करायला परवानगी असते. पण काका बरोबर असतील तर तुम्ही बॉल काठावर न ठेवता दोन फुटांवरून मारलात. चुकीच्या जागेवरून खेळलात. दोन स्ट्रोकांचा दंड. ५ अधिक २ म्हणजे ७.

थोडक्यात, ४ आणि ५ ही दोन्ही उत्तरं चूक. एकतर ३, नाहीतर ७.

चहाबाज, सकाळी १०:१९

हसून हसून पुरेवाट. माणूस ५ कमी करायला आला होता.

सात_नंबर, सकाळी १०:३३

@बंकरवासी, दंडवत. ७ म्हणजे एक पॉइंट. म्हणजे एकूण १५ आणि १२५ स्ट्रोक. हे काकांना सांगायचं की नाही या विचारात आहे.

संत्रानगरी, सकाळी ११:०२

काहून सांगता बे काकांना! गप्प रहा न.

मिलिमीटर, दुपारी १२:४०

प्रश्न इतकाच उरला की बॉलचा काही भाग कडेच्या खाली होता का. हे साक्षीदारांवर सोडायची गरज नाही, हिशोबाने निघतं.

होलचा व्यास १०८ मिमी. काठीचा २० मिमी धरू. काठी बरोबर मधोमध उभी असेल तर काठी आणि कड यांच्यात चहूकडे ४४ मिमी जागा राहते. बॉलचा व्यास कमीतकमी ४२.६७ मिमी असावा लागतो. म्हणजे मोकळीक सव्वा मिलिमीटरच्या आसपास. काठी सरळ असेल तर बॉल जेमतेम पण जातो. दोन मिमी बॉलच्या बाजूला कलली की अडकला.

आता अडकला म्हणजे किती आत? फट कमी होऊन ३४ मिमी झाली असं धरा. तरीही बॉलचा तीन-चार मिमी भाग कडेच्या खाली असतो. बॉल पूर्ण वरच राहावा, म्हणजे तो जमिनीवर बसून काठीला नुसता टेकावा, यासाठी बॉलचं केंद्र होलच्या कडेच्या बाहेर हवं. त्यासाठी फट २१ मिमीपेक्षा कमी हवी. म्हणजे जमिनीच्या पातळीला काठी २३ मिमी तरी सरकलेली हवी. होलच्या आतली खोली सुमारे १० सेंमी, काठी वर सात फूट. खाली एवढी कलली तर वरचं टोक जवळजवळ दीड फूट बाजूला जाईल.

धागाकर्त्याला एकच प्रश्न : झेंडा दीड फूट वाकडा होता का?

सात_नंबर, दुपारी १:०५

नाही! वाऱ्याने माझ्या बाजूला जरा झुकली होती, विताएवढी असेल. दीड फूट म्हणजे पडलीच असती.

मिलिमीटर, दुपारी १:०८

मग ३.

बंकरवासी, दुपारी १:२०

हिशोब आवडला. एक शंका : काठीचा खालचा भाग कपात (होलमध्ये बसवलेल्या डब्यात) ढिला असेल तर ती कलण्याऐवजी सरळच्या सरळ सरकेल. मग वर वाकडी दिसणार नाही.

मिलिमीटर, दुपारी १:४५

मान्य. कपातल्या खाचेत किती ढिलाई आहे ते बघावं लागेल. पण २३ मिमी सरकायला खाच काठीच्या तिप्पट मोठी लागेल. तेवढी झिजली असेल तर माळ्याला आधी सांगा.

एडिनबराकर, दुपारी ३:३०

वाचून मजा आली. हा १०८ मिमीचा आकडा इथल्याच जवळच्या मसलबरोतून आलाय, बरं का. तिथे १८२९ मधलं होल कापायचं अवजार जपून ठेवलंय, त्याचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ मध्ये तोच आकडा नियमात गेला. जुना कोर्स अजून आहे, रेसकोर्सच्या मधे, नऊ होल. मी एकदा तिथे लाकडी दांड्यांच्या जुन्या क्लब भाड्याने घेऊन खेळलोय. स्कोअर विचारू नका.

आणि वाईट राऊंडमधल्या एका होलचं म्हणाल तर माझ्या मते सगळ्यांत भारी गोष्ट जीन सारझेनची. १९७३ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं ट्रून. सारझेन ७१ वर्षांचे. आठवा होल, 'पोस्टेज स्टॅम्प', अवघा १२६ यार्ड, ग्रीन खरंच टपालाच्या तिकिटाएवढं. पाच नंबरच्या आयर्नने होल-इन-वन. त्या दिवसाचा स्कोअर मात्र ७९. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर बॉल बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि तिथून सरळ होलमध्ये, म्हणजे २. दोन दिवस मिळून त्या होलवर तीन स्ट्रोक, आणि पटर पिशवीतून बाहेरच नाही! दुसऱ्या दिवशी एकूण ८१, कट (पुढच्या फेऱ्यांची पात्रता) हुकला, म्हातारबुवा घरी. त्या दोन दिवसांतले बाकीचे १५७ स्ट्रोक आज कुणाला आठवतात?

गवत्या, दुपारी ४:१०

उलटंही असतं. टायगर वुड्स, २०२० ची मास्टर्स, कोविडमुळे नोव्हेंबरात झालेली. शेवटच्या दिवशी बाराव्या होलवर, पार ३ वर, माणसाने १० मारले. तीनदा पाण्यात. मी तेव्हा टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी कळलं की त्यानंतरच्या सहा होलांत त्याने पाच बर्डी केल्या. मला ते १० आठवतात, पाच बर्डी पाहिल्याच नाहीत. अजून स्वतःवर चरफडतो.

अनारसा, संध्याकाळी ५:२२

हिशोब सोडून मला एक सांगा. तो पिवळट बॉल कुठे आहे? मी असते तर देव्हाऱ्यात ठेवला असता.

सात_नंबर, संध्याकाळी ६:००

@अनारसा, हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं.

तीन झाले की पाच, या वादात पंधराव्या टीवर पोचलो. समोर तळं. मामांनी सात नंबर पुढे केली. पण मी तेव्हा बर्डीवाला माणूस होतो. मी मामांच्या खांद्यावरची पिशवी ओढून स्वतःच्या हाताने ड्रायव्हरचं कव्हर काढलं. मामा काही बोलले नाहीत, तळ्याकडे बघत राहिले. बॉलही तिकडेच गेला. उरलेले होल काकांकडून उसने घेऊन खेळलो.

निवृत्त_फौजी, संध्याकाळी ६:१५

कॅडीने झाकलेला क्लब उघडायचा नसतो.

चहाबाज, संध्याकाळी ६:१८

+१. हे छापून घराघरात लावा.

सात_नंबर, पुढचा शनिवार, दुपारी २:१५

अपडेट.

आज काका, मी आणि मामा साडेसहालाच चौदाव्यावर गेलो. काकांनी आठवडाभर हा धागा वाचलेला निघाला. मी काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्या सुनेने दाखवला. ७ चा मुद्दाही वाचला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, 'तुझे पंधरा पॉइंट आहेत, लक्षात ठेव.' खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. माणूस चाळीस वर्षं टूलरूममध्ये होता, तो काय ऐकणार.

काठी निघाली १९.३ मिमी. कपाची खाच ढिली होती, पण इकडेतिकडे मिळून चार मिमी. काकांनी काठी माझ्या बाजूला जेवढी कलते तेवढी कलवून धरली आणि मामांनी बॉल हाताने सरकवत नेला. अडकला. काका ग्रीनवर पालथे झोपले, गाल गवताला टेकवून, एक डोळा मिटून. दव पडलेलं, शर्ट पुढून भिजला. मागून दुसरी चौकडी येऊन उभी राहिली, त्यांना वाटलं चक्कर आली. काका तसेच पडून म्हणाले, 'टोपीच दिसते रे.'

मामा म्हणाले, 'मंग मी काय सांगत व्हतो.'

मग काकांनी एक प्रयोग केला, जो @मिलिमीटर यांनाही सुचला नव्हता. काठी सावकाश मधे आणली : बॉल आत. काठी खस्सकन् वर ओढली : पाचपैकी चार वेळा बॉल काठीला चिकटून वर आला आणि बाहेर. उठून, शर्ट झटकून म्हणाले, 'हात माझाच वाईट होता.'

मागच्या शनिवारचं बिल काकांनी दिलं. भुर्जीबरोबर मामांसाठी दोन प्लेट पाव वेगळे बांधून घेतले. मामांना मी नव्या बॉलचं एक अख्खं खोकं दिलं, त्यांनी त्यातले तीन काढून घेतले आणि बाकीचे माझ्या पिशवीत टाकले, म्हणाले, 'लागतील तुम्हाला.'

आज चौदाव्यावर ८.

संत्रानगरी, दुपारी २:३०

ड्रायव्हर?

सात_नंबर, दुपारी २:३१

ड्रायव्हर.